विरून जाणारा धागा

गेल्या पावसाळ्यांत आमच्या आठवीच्या वर्गांतील एक विद्यार्थी क्रीडांगणावर पाय घसरून पडला व त्याचा ओठ आंतून फाटला. डॉक्टरांनीं तीन टाके घातले. कांहीं आठवड्यांनीं विज्ञानाच्या तासाला तो उभा राहिला व म्हणाला, "सर, डॉक्टरांनीं टाके काढलेच नाहींत, आणि आतां पाहतों तों ते तेथें नाहींत. मीं ते गिळले कीं काय?" वर्ग हंसला. मलाहि हंसूं आलें. परंतु प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. जी वस्तु काल होती ती आज दिसत नाहीं, तर ती गेली कोठें, हा शास्त्राचा अगदीं मूळचा प्रश्न होय. त्या दिवशीं तासाची घंटा झाली व उत्तर अपुरें राहिलें, तें ह्या वार्षिकांत पुरें करावें असा विचार आहे. त्या धाग्याचा माग काढीत गेल्यास आपण ज्या विषयापाशीं जाऊन पोंचतों तो विषय घरांत सहसा कोणी काढीत नाहीं. म्हणून हा लेख विद्यार्थ्यांप्रमाणेंच त्यांच्या वडील माणसांनींहि वाचावा, अशी विनंति आहे.

टाक्याचा पूर्वेतिहास

जखम शिवण्याची विद्या आपल्या देशांत फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेंत शिवण्याला कोणतें सूत्र घ्यावें हें सांगितलें आहे. अश्मंतकाच्या सालीचा दोरा, ताग, जवसाच्या वाखाचें सूत, स्नायूचा तंतु, केस, गुळवेलीचा तंतु अशीं तीं सूत्रें आहेत. दसऱ्याला सोनें म्हणून ज्याचीं पानें आपण एकमेकांस देतों त्या आपट्यालाच अश्मंतक म्हणतात. जखम भरून आली कीं असा दोरा काढून घ्यावयाचा. परंतु पोटाच्या आंत जो टाका घातला तो काढावयाचा कसा? त्यासाठीं पुनः पोट उघडणें हा कांहीं उपाय नव्हे.

युरोपांत ह्या अडचणीवर मेंढराच्या आंतड्यापासून केलेली तांत वापरीत. तिला 'कॅटगट' म्हणत, पण मांजराशीं तिचा संबंध नव्हता. जोसेफ लिस्टर ह्या प्रसिद्ध शस्त्रवैद्यानें १८६० नंतरच्या दशकांत ती कार्बॉलिक आम्लानें निर्जंतुक करून वापरण्याचा प्रघात पाडला. आपलें शरीर मांस पचवितें त्याच रीतीनें ही तांत पचवून टाकी. मात्र ती कोणाच्या शरीरांत किती दिवस टिकेल ह्याचा नेम नसे, व कित्येकांच्या जखमेस तिच्यामुळें दाहहि होई. १९७० च्या सुमारास अमेरिकेंत रसायनशाळेंत तयार केलेला विरघळणारा धागा बाजारांत आला, व १९७४ सालीं त्याच जातीचा 'व्हिक्रिल' नांवाचा दुसरा धागा आला. आज शस्त्रक्रियागृहांत असे धागे नित्याचे झाले आहेत.

सांखळी कशी तुटते

हे धागे ज्या पदार्थाचे असतात त्यांस पॉलिमर म्हणतात. झेंडूचीं फुलें एकामागून एक ओंवून माळ करावी, त्याप्रमाणें एकाच प्रकारचे लहान रेणु शेंकड्यांनीं व हजारांनीं जोडून जी लांब सांखळी होते ती पॉलिमर होय. कापूस, रेशीम व नायलॉन हीं सर्व पॉलिमरेंच आहेत. फरक असतो तो ओंवलेल्या फुलांत आणि गांठींत.

विरघळणाऱ्या धाग्यांतील एक फूल आपल्या घरोघर असतें. तें म्हणजे दुग्धाम्ल. कार्ल शेले ह्या स्वीडनमधील रसायनज्ञानें १७८० सालीं तें आंबलेल्या दुधांतून वेगळें काढलें. दह्याचा आंबटपणा ह्याचाच. आपण जोरानें धांवतों तेव्हां आपल्या स्नायूंतहि तें उत्पन्न होतें. दुसरें फूल ग्लायकोलिक आम्ल. तें उंसाच्या रसांत थोड्या प्रमाणांत असतें. ह्या दोहोंचे रेणु जोडून केलेल्या सांखळीची गांठ अशी असते कीं, पाण्याचा एक रेणु तिच्यांत शिरला कीं ती सुटते. ह्या क्रियेस जलविच्छेदन म्हणतात. शरीरांत पाण्याला तोटा नाहीं. एक एक गांठ सुटत जाते, सांखळी आंखूड होत जाते, आणि शेवटीं सुटीं आम्लें उरतात. तीं शरीराच्या ओळखीचीं असल्यामुळें शरीर त्यांचा आपल्या नेहमींच्या रीतीनें निकाल लावतें. बराचसा भाग कार्बन डायऑक्साइड व पाणी होऊन जातो.

तेव्हां त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर असें: त्याच्या टाक्याचे कांहीं तुकडे तोंडांत गळून पडले असतील व ते त्यानें गिळलेहि असतील. परंतु जो भाग मांसांत होता तो विरून गेला, व त्यांतला कांहीं त्याच्या श्वासावाटें बाहेर पडून गेला.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. दोन आम्लांचें प्रमाण बदललें कीं धाग्याचें आयुष्य बदलतें. दोन्ही सारखीं घेतलीं तर पदार्थ महिना-दोन महिन्यांत विरतो, आणि नुसत्या दुग्धाम्लाचा केला तर वर्षाहूनहि अधिक टिकतो. किती दिवसांनीं नाहींसें व्हावयाचें हें आधीं ठरवून वस्तु तयार करावयाची, हें ह्या पदार्थाचें वैशिष्ट्य आहे.

धाग्याच्या पोटांत औषध

हें लक्षांत येतांच शास्त्रज्ञांस पुढची कल्पना सुचली. पदार्थ हळूहळू विरतो, तर त्याच्या पोटांत औषध कां भरूं नये? पदार्थ विरेल तसतसें औषध थोडथोडें बाहेर पडेल. १९८९ सालीं अमेरिकेंत अशा पॉलिमरच्या सूक्ष्म गोळ्यांत औषध भरलेलें एक इंजेक्शन मान्य झालें. पुरुषांच्या एका कर्करोगावर तें महिन्यांतून एकदां टोंचीत. रोजच्या टोंचणीचें काम महिन्याच्या एका टोंचणीवर आलें.

गोळीऐवजीं धागा केल्यास आणखी सोय होते. धाग्यांचा मऊ पापुद्रा विणतां येतो व तो हवा त्या आकाराचा कापतां येतो. शिवाय भूमितीहि धाग्याच्या बाजूची आहे. वर्तुळचितीचा वक्र पृष्ठभाग भागिले घनफळ हा हिशेब केल्यास उत्तर ४ भागिले व्यास असें येतें. म्हणजे व्यास जितके पट कमी, तितके पट पृष्ठभाग अधिक. मनुष्याचा केस सुमारें ८० मायक्रोमीटर जाड धरला, व आपला धागा ०·४ मायक्रोमीटरचा असला, तर तितक्याच पदार्थाला २०० पट पृष्ठभाग मिळतो. औषध बाहेर पडावयाचें तें पृष्ठभागांतूनच. म्हणून धागा जितका बारीक तितका औषधास बाहेर पडावयास वाव अधिक.

इतका बारीक धागा चरख्यावर निघत नाहीं. तो विजेनें काढावा लागतो. १६०० सालीं विल्यम गिल्बर्ट ह्या इंग्रज वैद्यानें लिहून ठेविलें कीं, घांसून विद्युत्भारित केलेला अंबर पाण्याच्या थेंबाजवळ नेला असतां थेंब शंकूसारखा वर ओढला जातो. १९०२ सालीं ह्या गुणाचा उपयोग करून सूत काढण्याचें पेटंट अमेरिकेंत घेतलें गेलें, आणि १९६४ सालीं जेफ्री टेलर ह्या गणितज्ञानें त्या शंकूचें गणित मांडलें. कृति अशी: पॉलिमर व औषध एका द्रवांत विरघळवून तें मिश्रण पिचकारींत भरावयाचें. पिचकारीच्या सुईला दहा-वीस हजार व्होल्टचा दाब द्यावयाचा व समोर धातूचा पत्रा ठेवावयाचा. सुईच्या टोंकाशीं आलेला थेंब शंकु होतो, त्याच्या अग्रापासून एक तार सुटते, ती हवेंत चाबकासारखी वळवळत लांबते व बारीक होते. वाटेंतच द्रव उडून जातो आणि पत्र्यावर कोरड्या धाग्यांचा पांढरा थर सांचतो. जत्रेंत 'म्हातारीचे केस' करणारा मनुष्य तुम्ही पाहिला असेल. पत्र्यावरील थर तसाच दिसतो. मात्र म्हातारीचे केस चाकाच्या गतीनें निघतात आणि हे विजेच्या ओढीनें.

हा खटाटोप कोणत्या रोगासाठीं

आतां त्या विषयाकडे वळूं. कांहीं रोग मुख्यतः शरीरसंबंधांतून एका मनुष्याकडून दुसऱ्याकडे जातात. उपदंश, ज्याला लोक गरमी म्हणतात, परमा, एका जातीची नागीण आणि एच. आय. व्ही. चा संसर्ग हे त्यांपैकीं होत. आपल्याकडे त्यांस 'गुप्तरोग' हें नांव पडलें, आणि ह्या नांवानेंच फार अनर्थ केला आहे. रोग गुप्त ठेवावयाचा म्हणजे वैद्याकडे जावयाचें नाहीं, आणि वैद्याकडे न गेल्यानें रोग वाढावयाचा व दुसऱ्यास द्यावयाचा.

वास्तविक ह्यांतील पुष्कळ रोग बरे होतात. उपदंशाचा जंतु १९०५ सालीं शाउडिन व हॉफमन ह्यांनीं शोधला, १९१० सालीं पॉल एर्लिक ह्यांचें सॅल्व्हर्सन हें औषध आलें, आणि १९४३ सालीं पेनिसिलिननें तो साफ बरा होतो असें सिद्ध झालें. तरीहि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२० ह्या एका सालांत बऱ्या होणाऱ्या चार लैंगिक रोगांचे ३७ कोटि ४० लक्ष नवे संसर्ग झाले. औषध असूनहि असें व्हावें, हें विचार करण्याजोगें आहे.

एच. आय. व्ही. चा विषाणु १९८३ सालीं पॅरिस येथील पाश्चर संस्थेंत सांपडला व त्याबद्दल फ्रान्स्वाझ बारे-सिनूसी आणि ल्यूक माँटेन्ये ह्यांस २००८ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. आपल्या देशांत त्याचा पहिला शोध १९८६ सालीं मद्रास येथें लागला. डॉ. सुनीति सॉलोमन व त्यांच्या विद्यार्थिनी निर्मला ह्यांनीं रक्ताचे नमुने गोळा केले व त्यांची परीक्षा वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत झाली. डॉ. सुनीति ह्या माहेरच्या गायतोंडे, मद्रासेंत स्थायिक झालेल्या महाराष्ट्रीय घराण्यांतील. ज्यांस कोणी जवळ करीत नसे अशा रुग्णांच्या सेवेंत त्यांनीं पुढील सर्व आयुष्य घालविलें.

डबींत राहिलेलें औषध

औषध असलें म्हणजे पुरें होतें असें नाहीं, तें पोटांत गेलें पाहिजे. २०१० सालीं दक्षिण आफ्रिकेंत ८८९ स्त्रियांवर एका औषधी मलमाची परीक्षा झाली. मलम मिळालेल्या स्त्रियांत एच. आय. व्ही. चे नवे संसर्ग ३९ टक्क्यांनीं कमी झाले. ज्यांनीं तें नेमानें वापरलें त्यांना लाभ अधिक झाला. सर्वत्र आनंद झाला. परंतु त्यानंतर दक्षिण आफ्रिका, युगांडा व झिंबाब्वे येथें सुमारें ५,००० स्त्रियांना गोळ्या किंवा मलम देऊन मोठी परीक्षा घेतली गेली, व २०१३ सालीं तिचा निकाल लागला, तेव्हां कोणत्याहि औषधानें गुण दाखविला नाहीं. स्त्रिया सांगत, आम्ही औषध नेमानें घेतों. रक्त तपासलें तेव्हां तीनांतल्या एकाहूनहि कमी नमुन्यांत औषध सांपडलें.

त्या खोटें बोलल्या म्हणून त्यांस दोष देणें सोपें आहे. पुढें त्यांच्याशीं शांतपणें बोलणें झालें तेव्हां कळलें कीं, पुष्कळ जणींस भय होतें. घरांत गोळ्यांची डबी दिसली तर सासरची माणसें, शेजारी किंवा पति काय म्हणेल? निरोगी असून हिला रोगच आहे असें म्हणतील. म्हणून डबी घरांत राहिली आणि औषध डबींत राहिलें.

ह्या अनुभवानंतर शास्त्रज्ञांनीं आपला प्रश्नच बदलला. कोणतें औषध गुणकारी, एवढेंच न विचारतां, जिला घरांत मोकळीक नाहीं अशी स्त्री कोणतें औषध वापरूं शकेल, असें ते विचारूं लागले. येथें विरून जाणारा धागा उपयोगी पडण्याजोगा आहे. तो मऊ व लहान असतो, रोज आठवण ठेवावी लागत नाहीं, काम झाल्यावर काढून टाकावयास कांहीं उरत नाहीं, आणि जेथें रोगाचा प्रवेश व्हावयाचा तेथेंच तो औषध देतो. २०१२ सालीं सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत किम वुड्रो ह्यांच्या मंडळीनें असे औषधी धागे विणले. त्यांतून एकाहून अधिक औषधें एकाच वेळीं सुटत, आणि परीक्षानळींतील पेशींत त्यांनीं एच. आय. व्ही. ला अटकाव केला. लुइव्हिल विद्यापीठांत ह्याच आम्लांच्या धाग्यांवर 'ग्रिफिथसिन' हें प्रथिन चढविण्याचे प्रयोग झाले. हें प्रथिन मुळांत न्यूझीलंडजवळच्या समुद्रांतील एका तांबड्या शेवाळांत सांपडलें, व तें आतां तंबाखूच्या जातीच्या रोपांच्या पानांत तयार करतां येतें.

जें अद्याप साधलें नाहीं

विद्यार्थ्यांनीं एक संवय लावून घ्यावी. नव्या शोधाची वार्ता ऐकली कीं, तो परीक्षानळींत सिद्ध झाला, प्राण्यांत सिद्ध झाला, कीं माणसांत सिद्ध झाला, हें आधीं विचारावें. हे धागे अद्याप पहिल्या दोन पायऱ्यांवर आहेत. औषधांच्या दुकानांत ते मिळत नाहींत. अडचणीहि आहेत. पाण्यांत सहज विरघळणारें औषध पहिल्याच दिवशीं भसकन् बाहेर पडतें व पुढच्या दिवसांना कांहीं उरत नाहीं. धागा विरतांना जें आम्ल होतें तें नाजूक प्रथिनास बाधूं शकतें. सूत काढतांना वापरलेला द्रव लेशमात्रहि मागें राहतां कामा नये. आणि पिचकारीच्या एका सुईतून तासाला निघणारें सूत फारच थोडें असतें.

दरम्यान दुसरे मार्ग पुढें गेले आहेत. महिनाभर औषध देणाऱ्या सिलिकोनच्या कड्यानें संसर्ग सुमारें ३० टक्क्यांनीं कमी होतात असें २०१६ सालीं दिसून आलें व २०२१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें त्याची शिफारस केली. हें कडें मात्र विरत नाहीं, बदलावें लागतें. २०२४ सालीं लेनाकापाव्हिर ह्या औषधाची वार्ता आली. सहा महिन्यांतून एकदां त्वचेखालीं टोंचावयाच्या ह्या औषधाच्या परीक्षेंत दक्षिण आफ्रिका व युगांडा येथील तें घेणाऱ्या २,१३४ तरुणींपैकीं एकीलाहि संसर्ग झाला नाहीं. त्वचेखालीं औषधाचा सांठा राहतो व तो हळूहळू झिरपतो. रोजच्या डबीची गरज नाहींशी करावयाची, हाच हेतु येथेंहि आहे.

पालकवर्गास

मी लहान असतां आमच्या आळींतील एक गृहस्थ मुंबईहून आजारी होऊन परत आले. त्यांची कपबशी खिडकींत वेगळी ठेवीत. आम्हां मुलांस कोणी कांहीं सांगितलें नव्हतें, तरी त्या दारावरून आम्ही पळत जात असूं. ते मला नांवानें हांक मारीत, आणि मीं ओ दिली नाहीं. थोड्याच महिन्यांत ते वारले. त्यांना कोणता रोग होता हें मला फार वर्षांनीं कळलें, आणि तो एका बाकावर बसल्यानें, एका कपांतून चहा घेतल्यानें, हातांत हात दिल्यानें किंवा डांस चावल्यानें लागत नाहीं, हेंहि तेव्हांच कळलें. मला हें दहाव्या वर्षीं कोणी सांगितलें असतें तर मीं त्यांना ओ दिली असती.

त्या काळीं त्यांच्यासाठीं औषध नव्हतें. आज आहे. १ एप्रिल २००४ पासून आपलें सरकार एच. आय. व्ही. वरील औषध फुकट देतें. तें नेमानें घेणारा मनुष्य दीर्घकाळ जगतो, आणि त्याच्या रक्तांतील विषाणु दबून राहिला तर शरीरसंबंधांतून दुसऱ्यास संसर्ग होत नाहीं. आईला वेळींच औषध मिळाल्यास तिचें मूल बहुधा रोगावांचून जन्मतें. २०१७ च्या कायद्यानें अशा मनुष्यास शाळा, नोकरी किंवा दवाखाना नाकारण्यास बंदी केली आहे. तेव्हां ह्या रोगांविषयीं मुलांनीं प्रश्न विचारला तर त्यांस गप्प बसवूं नये. जेवढें त्यांच्या वयास समजेल तेवढें खरें सांगावें. आपण सांगितलें नाहीं तर तीं दुसरीकडून ऐकतील, आणि तें खरें असेलच असें नाहीं.

केसाच्या दोनशेंव्या हिश्श्याचा धागा काढणारे शास्त्रज्ञ कुशल खरेच. परंतु औषध इतकें लहान व न दिसणारें करावें लागलें, ह्याचें एक कारण आपल्या घरांतील भीति आहे. ती घालविण्याचें काम आपल्याकडे आहे.

विद्यार्थ्यांसाठीं अभ्यास

१. समान वजनाची खडीसाखर घ्यावी. एक भाग अखंड ठेवावा व एक कुटावा. दोन्ही सारख्या पाण्यांत टाकून कोणता किती वेळांत विरघळतो तें घड्याळावर पाहावें व कारण लिहावें.

२. व्यास ०·८ मायक्रोमीटर असलेल्या धाग्याचा पृष्ठभाग तितक्याच पदार्थाच्या केसाच्या किती पट होईल तें काढावें.

३. ताग, रेशीम, नायलॉन व व्हिक्रिल ह्यांपैकीं कोणता टाका पोटाच्या आंत घालावा? उत्तरास कारण द्यावें.

४. "परीक्षेंत औषध निष्फळ ठरलें" आणि "औषध घेतलेंच गेलें नाहीं" ह्या दोन विधानांतील भेद वरील उदाहरणावरून आपल्या शब्दांत लिहावा व तो घरीं वडील मंडळींस वाचून दाखवावा.